थांबलेल्या पाळीचा हिशेब

मराठीत स्त्रीच्या मासिक धर्माविषयी सरळ बोलण्याची चाल नाही. कोणी बाहेरची होते, कोणाला कावळा शिवतो, कोणाला अडचण येते, तर कोणी नुसतेच ‘चार दिवस’ म्हणून विषय मिटवते. न येणाऱ्या पाळीसाठी मात्र भाषेजवळ फारच थोडे शब्द आहेत. तरुण स्त्रीची पाळी चुकली की तिला दिवस गेले. वय झालेल्या स्त्रीची चुकली की तिची पाळी गेली. अंगावर पिणारे मूल असले म्हणजे पाळी लांबते, एवढी एक सवलत आजीपणजींच्या अनुभवाने दिली होती. याखेरीज जी पाळी येत नाही ती रोगाची खूण, असेच घरोघर मानले जाते.

आता अशी एक स्त्री डोळ्यांपुढे आणावी, की जिला दिवस गेलेले नाहीत, जिचे वय तिशीच्या आतले आहे, जिचे पहिले मूल चालू-बोलू लागले आहे आणि जिची प्रकृती उत्तम आहे. तरीही तिची पाळी येत नाही. दोन मुलांत अंतर राहावे म्हणून दोन वर्षे तिने आरोग्यकेंद्रात जाऊन दर तीन महिन्यांनी इंजेक्शन घेतले. आता दुसरे मूल हवे म्हणून ते बंद केले. बंद करून पाच महिने झाले. सासूबाई विचारू लागल्या आहेत, शेजारीण सुचवू लागली आहे, आणि रात्री एकटी असताना तिच्या स्वतःच्या मनात एकच प्रश्न आहे: आपली कूस कायमची तर मिटली नाही ना? या प्रश्नाचे उत्तर शास्त्राजवळ आहे, आणि ते बरेचसे दिलासा देणारे आहे. परंतु ते नीट समजून घ्यावयाचे तर इंजेक्शन शरीरात काय करते आणि किती काळ करीत राहते, हे आधी पाहिले पाहिजे.

हे इंजेक्शन भारतात ‘अंतरा’ या नावाने ओळखले जाते. केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने ते २०१७ साली सरकारी केंद्रांतून विनामूल्य देण्यास आरंभ केला. ज्या राज्यांत ते प्रथम पोहोचले त्यांत महाराष्ट्र आणि गोवा ही दोन्ही होती, तशीच मध्य प्रदेश, कर्नाटक, दिल्ली अशी मराठी कुटुंबांची जुनी वस्ती असलेली राज्येही होती. ‘पाळणा लांबवणे’ या मराठी वाक्प्रचारात जो अर्थ आहे तोच ‘अंतरा’ या नावात आहे. १९२१ साली रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले, तेव्हा पाळणा लांबवण्यासाठी जी साधने होती ती सारी बाहेरून वापरावयाची होती. रक्तात मिसळून महिनोन्‌महिने काम करणारे औषध त्यांच्या काळी कल्पनेतही नव्हते. या औषधाचे पूर्ण नाव मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन ॲसिटेट. ‘डेपो-प्रोव्हेरा’ या व्यापारी नावाने ते जगभर गाजले आणि वादातही सापडले. अमेरिकेत गर्भनिरोधासाठी त्याला १९९२ साली परवानगी मिळाली, तर भारतात खाजगी डॉक्टरांकडे ते १९९३ पासून मिळू लागले. एका मात्रेत औषध असते १५० मिलिग्रॅम आणि तिची मुदत असते तीन महिन्यांची.

पाळी गर्भाशयातून येते म्हणून ती गर्भाशयाच्याच हुकमाने येते, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः गर्भाशय हा या कारभारातला सर्वांत शेवटचा चाकर होय. हुकूम निघतो तो मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस नावाच्या लहानशा भागातून. तेथून एक अंतःस्राव, ज्याला आजचे वैद्यक संप्रेरक म्हणते, थेंबाथेंबाने सुटतो आणि त्याच्या खाली लोंबणाऱ्या वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीला जागवतो. पीयूषिकेची संप्रेरके रक्तावाटे अंडाशयाकडे जातात. तेथे एका पुटिकेत स्त्रीबीज वाढीला लागते आणि ती पुटिका इस्ट्रोजेन नावाचे संप्रेरक रक्तात सोडू लागते. त्यामुळे गर्भाशयाचे आतील अस्तर जाड होत जाते. मग एके दिवशी पीयूषिका जोराचा संदेश पाठवते, पुटिका फुटते आणि बीज बाहेर पडते. फुटलेल्या पुटिकेचा पिवळसर गोळा होतो. त्याला पीतपिंड म्हणतात. त्यातून प्रोजेस्टेरॉन पाझरते आणि ते अस्तराला गर्भाच्या स्वागतासाठी सज्ज करते. गर्भ राहिला नाही तर दोन आठवड्यांत पीतपिंड सुकतो, प्रोजेस्टेरॉन ओसरते आणि आधार तुटलेले अस्तर गळून पडते. तीच पाळी. म्हणजे पाळी ही आरंभ नव्हे. जे बीज एक पंधरवडा आधी येऊन गेले त्याची ती अखेर आहे. हा क्रम ध्यानात ठेवावा, कारण पुढे एका मोठ्या चुकीचे मूळ यातच सापडणार आहे.

मेंदूच्या त्या हुकमाविषयी एक नवल सांगण्यासारखे आहे. तो हुकूम सतत वाहत नाही. नाडीसारखा ठोक्याठोक्याने येतो. अर्न्स्ट क्नोबिल आणि त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेत माकडिणींवर केलेले प्रयोग १९७८ साली प्रसिद्ध झाले. ज्या माकडिणींच्या मेंदूतून हे संप्रेरक येणे बंद झाले होते, त्यांना ते बाहेरून दर तासाला एकदा, थोडा वेळ, असे दिले तेव्हा पीयूषिका पूर्ववत काम करू लागली. तेच संप्रेरक अखंड धारेने दिले तेव्हा ती गप्प झाली. संदेशाचा अर्थ त्याच्या लयीत होता. मनुष्यस्त्रीमध्ये पाळीच्या पहिल्या पंधरवड्यात हे ठोके साधारणपणे तास-दीड तासाने पडतात. बीज बाहेर पडल्यावर प्रोजेस्टेरॉन वाढते आणि ठोके मंदावतात. कारण एक बीज निघाल्यावर दुसऱ्याची घाई नसते.

इंजेक्शन नेमकी हीच जागा पकडते. त्यातील औषध हे प्रोजेस्टेरॉनचे कृत्रिम भावंड आहे. ते रक्तात सतत राहिले म्हणजे मेंदूची अशी समजूत होते की बीज येऊन गेले आहे, तेव्हा नव्याने हुकूम काढण्याचे कारण नाही. ठोके मंदावलेलेच राहतात, पीयूषिकेचा तो जोराचा संदेश निघत नाही, पुटिका फुटत नाही. अंडाशय निजल्यासारखे होते. निजल्यासारखे म्हणावयाचे, मेल्यासारखे नव्हे, कारण त्यातील बीजांचा साठा जागच्या जागी असतो. शिवाय गर्भाशयाच्या मुखाशी असलेला चिकट द्रव दाट होऊन पुरुषबीजाची वाट अडते, आणि गर्भाशयाचे अस्तर पातळच राहते.

अस्तर पातळ राहते म्हणूनच पाळी येत नाही. आरंभीचे काही महिने थोडेथोडे, अवेळी डाग पडतात, आणि बहुतेक स्त्रिया कंटाळून इंजेक्शन सोडतात त्या याच काळात. टिकून राहिलेल्यांपैकी वर्षाअखेर शंभरांत सुमारे ५५ जणींची आणि दुसऱ्या वर्षाअखेर ६८ जणींची पाळी पूर्ण थांबलेली असते. खेड्यांत आणि शहरांतही यावर एक ठाम समजूत आहे की न गेलेले वाईट रक्त पोटात साठते. साठण्यासाठी ते आधी तयार झाले पाहिजे. शेतात पीकच उभे राहिले नाही तर कापणी झाली नाही म्हणून धान्य कोठे कुजत नाही. आणि ते रक्त वाईट तर नसतेच; शरीरात इतरत्र फिरते तेच असते. एका पाळीत ते जाते तरी किती? सरासरी ३० ते ४० मिलिलिटर, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे. ज्या स्त्रीला जास्त रक्तस्राव होऊन अशक्तपणा येत असेल, तिला तर या खंडाने फायदाच होतो.

येथवर सारे सरळ आहे. घोटाळा होतो तो ‘बंद केले’ या शब्दाने. गोळी रोज घ्यावयाची असते. ती घेणे सोडले की चार-दोन दिवसांत रक्तातून नाहीशी होते. तांबी बसवली असेल तर ती काढली त्या क्षणी तिचे काम संपते. इंजेक्शनचे तसे नाही. त्यातील औषध पाण्यात विरघळलेले नसते, तर अतिशय बारीक स्फटिकांच्या रूपाने पाण्यात तरंगत असते. दंडाच्या किंवा कुल्ल्याच्या स्नायूत खोल गेल्यावर तेथे त्याची एक लहानशी पेढी तयार होते, आणि त्या पेढीतून रोज थोडे थोडे औषध रक्तात उतरते. म्हणूनच परिचारिका बजावून सांगते की टोचलेली जागा चोळू नये आणि शेकूही नये. चोळल्याने स्फटिक लवकर विरघळतात आणि मुदतीपूर्वीच पेढी रिती होण्याचा संभव असतो.

आता ही पेढी तीन महिन्यांच्या शेवटच्या दिवशी बरोबर रिकामी होईल, अशी व्यवस्था करता येत नाही. गर्भनिरोधक म्हटले की ते मुदतीत एकीलाही दगा देता कामा नये. कोणाच्या अंगात ते लवकर विरघळते, कोणाच्या हळू. सर्वांत लवकर विरघळणाऱ्या स्त्रीलाही तीन महिने पुरले पाहिजे, तर बाकीच्यांच्या अंगात ते तीन महिन्यांनंतरही उरणारच. पुढचे इंजेक्शन घ्यावयास चार आठवडे उशीर झाला तरी ते देता येते, अशी जी सवलत आरोग्यकेंद्रे देतात तिच्या मुळाशी हाच शिल्लक साठा आहे. शेवटच्या मात्रेनंतर १२० ते २०० दिवसांपर्यंत रक्तात औषधाचा अंश सापडतो. म्हणजे कित्येक स्त्रियांनी इंजेक्शन ‘बंद’ केल्यावरही इंजेक्शनने मात्र त्यांना आणखी तीन-साडेतीन महिने सोडलेले नसते.

या औषधावर जे आक्षेप आले त्यांतील एक येथे आठवतो. १९८६ साली स्त्रीसंघटनांनी अशाच जातीच्या एका दुसऱ्या इंजेक्शनच्या भारतातील चाचण्यांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला होता. औषधाच्या परिणामांची पूर्ण माहिती न देता ते बायकांना टोचले जाते, ही त्यांची मोठी तक्रार होती. टोचलेले औषध उपसून काढता येत नाही, हे त्या तक्रारीमागचे वास्तव होय आणि ते आजही तितकेच खरे आहे. गोळी नको वाटली तर ती उकिरड्यावर टाकता येते. इंजेक्शन नको वाटले तर वाट पाहावी लागते. ती वाट किती लांब आहे हे पहिल्या सुईच्या आधीच स्त्रीला सांगितले गेले पाहिजे. पाळी येत नाही म्हणून ती रडत आल्यावर सांगणे हे सांगणे नव्हे.

मग ती वाट किती लांब? याचे सर्वांत विश्वसनीय उत्तर उत्तर थायलंडमधील चिआंग माई या शहरातून आले. तेथील मॅककॉर्मिक रुग्णालयात डॉक्टर एडविन मॅकडॅनियल यांनी १९६५ साली हे इंजेक्शन देण्यास सुरुवात केली. डोंगराळ मुलुखातील हजारो शेतकरी स्त्रिया ते घेऊ लागल्या. पुढे त्यांपैकी अनेकींनी मूल हवे म्हणून ते सोडले. तेव्हा त्यांना दिवस केव्हा गेले याची पाहणी तिएंग पार्दथाइसोंग, रोनाल्ड ग्रे आणि मॅकडॅनियल यांनी केली आणि ती १९८० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तुलनेसाठी गर्भाशयात बसवण्याचे साधन काढून टाकलेल्या स्त्रिया घेतल्या होत्या. शेवटच्या इंजेक्शनची मुदत संपल्यापासून मोजले तर निम्म्या स्त्रियांना साडेपाच महिन्यांच्या आत दिवस गेले. साधन काढलेल्या स्त्रियांत हाच काळ साडेचार महिन्यांचा भरला. दोन वर्षांच्या अखेरीस दोन्ही गटांतील शंभरांत नव्वदांहून अधिक स्त्रिया गरोदर राहिलेल्या होत्या. उशीर होता, हानी नव्हती. आणखी एक गोष्ट त्या पाहणीत दिसली, आणि ती फार मोलाची आहे. इंजेक्शन दोनदा घेतलेल्या स्त्रीला आणि ते अनेक वर्षे घेतलेल्या स्त्रीला लागणारा वेळ जवळजवळ सारखाच होता. औषध शरीरात वर्षानुवर्षे साचत जात नाही. हिशेब असतो तो फक्त शेवटच्या मात्रेचा.

अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीचा निष्कर्षही याच्याशी जुळता आहे. तेथे मोजणी केली ती शेवटची सुई टोचल्याच्या दिवसापासून. ज्यांना दिवस गेले त्यांपैकी निम्म्यांना ते दहा महिन्यांच्या आत गेले. शंभरांत ६८ जणींना बारा महिन्यांत, ८३ जणींना पंधरा महिन्यांत आणि ९३ जणींना अठरा महिन्यांत. सर्वांत लवकर गेले ते चौथ्या महिन्यात आणि सर्वांत उशिरा एकतिसाव्या महिन्यात. भारतातील आरोग्यसेविका ‘शेवटच्या इंजेक्शनपासून सात ते दहा महिने’ असे सांगतात, ते सरासरीचे सांगणे आहे. सरासरी म्हणजे मुदत नव्हे, हे मात्र सांगताना बहुधा राहून जाते.

येथे मोजणी कोठून करावयाची, यावरच पुष्कळदा घरात भांडणे होतात. समजा, एका स्त्रीने शेवटचे इंजेक्शन १ जून रोजी घेतले. ३१ ऑगस्टपर्यंत ती सुरक्षित होती. सप्टेंबरमध्ये ती केंद्रावर गेली नाही, आणि घरच्यांच्या लेखी इंजेक्शन तेव्हा बंद झाले. वर्षअखेर आली तरी पाळी नाही म्हणून सारे चिंतेत पडले. शरीराच्या दृष्टीने पाहिले तर तोवर औषध जेमतेम उतरलेले असते आणि मेंदूचे ठोके नुकतेच सुरळीत होऊ लागलेले असतात. सरासरीने तिला दिवस जावयाचे ते एप्रिलच्या सुमारास, आणि पाळणा हलावयाचा तो त्यापुढच्या जानेवारीत. जूनमधल्या सुईपासून पाळण्यापर्यंत एकोणीस महिने झाले. ज्या स्त्रीला वर्षभरात मूल हवे आहे, तिने हे इंजेक्शन निवडूच नये. गोळी, निरोध किंवा तांबी तिला अधिक सोयीची. जिला तीन-चार वर्षांचे अंतर हवे आहे, तिला हा उशीर जाचत नाही. इंजेक्शनला दोष देणाऱ्या कितीतरी तक्रारी मुळात निवडीच्या तक्रारी असतात.

पाळी परत येते ती कशी? शेवटच्या इंजेक्शनपासून सहा महिन्यांत सुमारे निम्म्या स्त्रियांची पाळी सुरळीत होते. साधारण चौथा हिस्सा स्त्रियांना त्यासाठी वर्षापर्यंत वाट पाहावी लागते. ती एकदम जुन्या वेळापत्रकाने येईल अशी अपेक्षा करू नये. बहुधा आधी नुसते डाग पडतात. मग एखादी पाळी येते, ती कधी फार कमी तर कधी नेहमीपेक्षा जास्त. पुन्हा दीड-दोन महिने काही नाही. नव्याने न्हाण आलेल्या मुलीची पाळी पहिली एक-दोन वर्षे जशी चुकतमाकत येते, त्याच्याशी याचे बरेच साम्य आहे, आणि कारणही मिळतेजुळते आहे: मेंदू, पीयूषिका आणि अंडाशय यांचा ताल अजून जमलेला नसतो. अस्तर वाढते, पण बीज बाहेर पडत नाही. मग ते अस्तर वाटेल तेव्हा, वाटेल तितके गळते. जेव्हा पाळ्यांमधील अंतर सारखे होऊ लागते, आणि पाळीपूर्वी छाती जड होणे, ओटीपोट दुखणे अशा ओळखीच्या खुणा परततात, तेव्हा बीज पुन्हा नियमाने येऊ लागले असे बहुधा समजावे.

आता त्या चुकीकडे वळले पाहिजे, जिचा उल्लेख मागे केला. ‘अजून पाळी आली नाही, म्हणजे दिवस जाण्याची भीती नाही,’ असे अनेक जोडपी धरून चालतात. जपानी डॉक्टर क्यूसाकू ओगिनो यांनी १९२४ साली दाखवून दिले की बीज बाहेर पडते ते पुढच्या पाळीच्या आधी साधारण १२ ते १६ दिवस. याचा उघड अर्थ असा की दीर्घ खंडानंतरचे पहिले बीज पहिल्या पाळीच्या आधी येते. त्याच बीजाने गर्भ धरला तर ती पाळी येणारच नाही. स्त्री म्हणत राहील की इंजेक्शनमुळे पाळी थांबली आहे, आणि चार महिन्यांनी पोटात हालचाल जाणवेल तेव्हा सारा उलगडा होईल. डाग त्रासदायक वाटले, वजन वाढले, किंवा केंद्र दूर पडते म्हणून जी इंजेक्शन सोडते, परंतु जिला मूल अजून नको आहे, तिच्यासाठी ही बाब फार महत्त्वाची. शेवटच्या मात्रेची मुदत संपताच तिने दुसरे साधन वापरावयास लागावे. पाळीची वाट पाहू नये. आणि जिला मूल हवे आहे, तिनेही पाळी नाही म्हणून निराश होण्यापूर्वी गरोदरपणाची लघवीची तपासणी करून घ्यावी. ती सरकारी केंद्रात विनामूल्य होते. ज्या पाळीची वाट पाहावयाची ती न येण्याचे कारण कधीकधी आनंदाचेच निघते.

पाळी ‘आणण्या’चे उपाय सांगणाऱ्यांची आपल्याकडे कधीच वाण नव्हती. तीळगूळ, ओव्याचा काढा, कच्ची पपई. यांतील खाण्याचे पदार्थ बेताने खाल्ले तर बिघडत नाही, पण स्नायूतील औषधाच्या पेढीवर त्यांचा काही इलाज चालत नाही. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या गोळ्यांची गोष्ट वेगळी. पाच-सात दिवस घेऊन थांबल्यावर त्यांनी रक्तस्राव होऊ शकतो, आणि घरच्या माणसांचे समाधान होते. पण तो स्राव गोळीने घडवलेला असतो. बीज बाहेर पडल्याचा तो पुरावा नव्हे. शिवाय त्या गोळ्या बहुधा प्रोजेस्टेरॉनच्याच जातीच्या असतात. त्या जातीचे औषध अंगातून उतरण्याची वाट पाहत असताना आपल्या मनाने पुन्हा तेच घेण्यात शहाणपणा नाही. डॉक्टरांनी तपासून दिल्या तर गोष्ट निराळी.

डॉक्टरांकडे केव्हा जावे? शेवटच्या इंजेक्शनला वर्ष उलटूनही पाळीचा पत्ता नसेल तर जावेच. वय पस्तिशीपुढे असेल आणि मूल हवे असेल तर इतके थांबू नये. रक्तस्राव फार होऊ लागला, मूल अंगावर पीत नसताना स्तनांतून दूध येऊ लागले, डोके सतत दुखून नजर मंदावली, तर वर्षाचा हिशेब बाजूला ठेवून लगेच जावे. कारण इंजेक्शन घेतले होते म्हणून पाळी थांबण्याची इतर कारणे रजेवर जात नाहीत. थायरॉइडचा विकार, झपाट्याने वाढलेले किंवा उतरलेले वजन, उपासमार, मनाला बसलेला मोठा धक्का, अंडाशयाचे आजार, यांपैकी काहीही त्याच वेळी उद्भवलेले असू शकते. इंजेक्शन सुरू करण्यापूर्वीच जिची पाळी अनियमित होती, तिची नंतरही तशीच येईल. मधल्या काळात तो दोष झाकला गेला होता, इतकेच. चाळिशी ओलांडलेल्या स्त्रीच्या बाबतीत आणखी एक शक्यता असते. इंजेक्शनने थांबलेली पाळी वयाने थांबणाऱ्या पाळीला परस्पर जाऊन मिळते, आणि एक कोठे संपली व दुसरी कोठे सुरू झाली हे कळत नाही. अशा वेळी घाम, अंगाची लाही, झोप न लागणे या खुणांवरून आणि तपासणीवरून डॉक्टरांना अंदाज करता येतो.

पाळीच्या पुनरागमनाबरोबर शरीरात आणखी एक गोष्ट परतते, जिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. अंडाशय निजलेले असताना इस्ट्रोजेन कमी असते, आणि त्यामुळे हाडांची घनता काहीशी घटते. याच कारणासाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ साली या इंजेक्शनच्या वेष्टनावर ठळक इशारा छापावयास लावला. इंजेक्शन थांबल्यावर अंडाशय जागे होते, इस्ट्रोजेन वाढते आणि गेलेली घनता पुष्कळशी भरून येते. दूध, नाचणी, तीळ, उन्हातला वावर यांची सांगड या काळात घालणे बरे. विशेषतः ज्या मुलींनी विशीच्या आत इंजेक्शन घेतले आहे त्यांनी.

‘अंतरा’ घेणाऱ्या प्रत्येक स्त्रीला केंद्रावर एक कार्ड मिळते. त्यावर प्रत्येक मात्रेची तारीख आणि पुढच्या भेटीची तारीख लिहिलेली असते. इंजेक्शन बंद केले की ते कार्ड बहुधा चुलीत किंवा रद्दीत जाते. ते जपून ठेवावे आणि तपासणीला जाताना बरोबर न्यावे. कारण पाळी येत नाही म्हणून डॉक्टरांपुढे बसल्यावर पहिला प्रश्न शेवटच्या सुईच्या तारखेचा असतो, आणि ‘झाले असतील पाच-सहा महिने’ या उत्तरावर पुढचा हिशेब मांडता येत नाही.